घरातील हवा आणि भिंतींचा जमाखर्च

घरातील हवा बिघडली म्हणजे दारे-खिडक्या उघडाव्यात, वारा खेळू द्यावा, म्हणजे हवा शुद्ध होते, असा सर्वसाधारण समज आहे; आणि तो खोटाही नाही. परंतु ज्या खोलीत कोणी वर्षानुवर्षे बिडी ओढीत बसला असेल, ती खोली दिवसभर उघडी ठेवून रात्री बंद करावी आणि सकाळी कडी काढून आत पाऊल टाकावे. बिडीचा वास पुन्हा नाकाशी येतो. ओढणारा तेथे नाही, बिडी नाही, कालची हवा तर वाऱ्याबरोबर केव्हाच निघून गेली. मग हा वास आला कोठून? तो भिंतींतून आला, खुंटीवरच्या घोंगडीतून आला, कोपऱ्यात रचलेल्या वाकळांतून आणि पोत्यांतून आला. घर हे जे जे हवेतून घेते ते आपल्या पदरी जमा करून ठेवते, आणि पुढे सवडीने थोडे थोडे परत करीत राहते. या देवघेवीचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही, म्हणून तो या लेखात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

शेतकीच्या मासिकात घराच्या भिंतींचे काय काम, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, शहरातील नोकरदाराचे घर केवळ राहण्याचे असते. आपल्या नांदेड-लातूरकडील शेतकऱ्याचे घर राहण्याचे तर असतेच, परंतु तेच त्याचे कोठार, तेच बियाण्याची खोली, तेच फवारणीच्या औषधांचे गुदाम आणि भाव येईपर्यंत कापूस व सोयाबीन ठेवण्याची वखार असते. ज्या कोनाड्यात देवाची समई, त्याच्याच शेजारच्या कोनाड्यात कीटकनाशकाची अर्धी उरलेली बाटली, असा प्रकार आम्ही कितीतरी घरी पाहिला आहे. तेव्हा भिंतीच्या पदरी काय जमा होते, हा प्रश्न शहरापेक्षा खेड्यात अधिक जिव्हाळ्याचा आहे.

हवेत मिसळलेली द्रव्ये सर्व एकाच स्वभावाची नसतात. काही अशी की ती भिंतीस जवळजवळ धरीतच नाहीत. शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू त्यांपैकी होय. खिडकी उघडली की तो गेला. काही अशी की जेथे बसली तेथेच बसली, झाडल्या-पुसल्याशिवाय हलावयाची नाहीत. काजळीचे जड कण या जातीचे. या दोहोंच्या मध्ये एक मोठी जात आहे, तिला अर्धवट उडणारी द्रव्ये म्हणता येईल. गारव्यात ती पृष्ठभागावर बसून राहतात, उष्णता लागली की वाफ होऊन हवेत येतात, पुन्हा दुसऱ्या पृष्ठभागावर बसतात. तंबाखूतील निकोटिन, लाकडाच्या धुरातील डांबरट द्रव्ये, कपड्यांत ठेवावयाच्या डांबराच्या गोळ्या आणि बहुतेक कीटकनाशके ही या मधल्या जातीत मोडतात. पृष्ठभागावर चिकटून राहण्यास शास्त्रात अधिशोषण म्हणतात आणि आत शिरण्यास शोषण. घरात दोन्ही एकाच वेळी चालू असतात, सबब आम्ही येथे घरगुती 'मुरणे' हाच शब्द वापरू.

हे मुरणे किती होते, याचा अंदाज शेतकऱ्यास मातीवरून चटकन येईल. वळवाचा पहिला पाऊस पडताच तापलेल्या जमिनीतून जो सुगंध उठतो तो सर्वांच्या परिचयाचा आहे. १९६४ साली ऑस्ट्रेलियातील बेअर व थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी त्याचे मूळ शोधून त्यास 'पेट्रिकोर' असे नाव दिले. त्यांनी दाखविले ते असे की, उन्हाळाभर कोरडी माती व दगड हवेतील वनस्पतिजन्य तेलांच्या वाफा आपल्यात ओढून घेतात, आणि पाण्याचा ओलावा येताच त्या पुन्हा मोकळ्या होतात. मातीतील सूक्ष्म जंतूंनी केलेले एक द्रव्यही त्या वासात असते. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, मातीने घेतलेले ओलाव्याने सोडले.

माती इतके ठेवते कोठे? आपल्या काळ्या जमिनीतील चिकण अंश हा एकावर एक रचलेल्या अतिशय पातळ पापुद्र्यांचा असतो. हे सर्व पापुद्रे सुटे करून अंथरता आले, तर शुद्ध चिकण द्रव्याच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग सुमारे ७०० चौरस मीटर भरतो. सातबारा लिहिण्यात आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्या माणसास हा आकडा गुंठ्यांतच समजतो, आणि गुंठ्यांत तो जवळजवळ सात भरतो. चिमूटभर मातीच्या पोटात सात गुंठे! घरे बांधावयास आपण काळी माती घेत नाही, ती भेगाळते म्हणून गावठाणाची पांढरी घेतो, आणि तिचा हा गुण काळीपेक्षा पुष्कळ कमी असतो. तरीही दोन-तीन फूट रुंदीच्या मातीच्या भिंतीत एकंदर किती जागा असेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

चुन्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. ताज्या चुन्याचा हात दिलेल्या भिंतीवर काही आम्ल वायू, विशेषतः गंधकाच्या धुराचा वायू, येऊन आदळला म्हणजे चुन्याशी त्याचा रासायनिक संयोग होऊन निराळाच क्षार बनतो, आणि तो वायू म्हणून परत येत नाही. ही रक्कम जमा होऊन कायमची खर्ची पडली असे समजावे. परंतु कीटकनाशके अथवा धुरातील डांबर यांस हा नियम लावता येत नाही.

कोणी म्हणेल, आमच्या घरी माती नाही, शहाबादी फरशी आहे, भिंतींना ऑइल पेंट आहे, खिडक्यांना काचा आहेत. तेथे काय मुरणार? गुळगुळीत पृष्ठभागास छिद्रे नाहीत हे खरे. परंतु फोडणीच्या तेलाची वाफ, माणसांच्या अंगाचे स्निग्ध, उदबत्तीचा धूर, यांचा एक अत्यंत पातळ थर प्रत्येक काचेवर व फरशीवर बसतोच. तो केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतका पातळ असेल. तरी तो तेलकट असतो, आणि तेलात मिसळणारी द्रव्ये त्यात विरघळून राहतात. शिवाय नुसत्या भिंती म्हणजे घर नव्हे. गाद्या, वाकळा, पडदे, कपडे, पोती, कापसाचा ढीग यांच्या तंतूंचा पृष्ठभाग भिंतींच्या अनेक पट असतो. चहाच्या पुडीस शेजारच्या घासलेटच्या डब्याचा वास लागतो हे कोणतीही गृहिणी सांगेल. कापूस त्याहून कमी हावरा नाही.

आता यास प्रयोगाचा आधार काय, ते सांगतो. २०१८ साली अमेरिकेत टेक्सास प्रांतातील ऑस्टिन येथील विद्यापीठाच्या एका प्रायोगिक घरात सुमारे ६० संशोधकांनी महिनाभर एक मोठा प्रयोग केला. तेथे त्यांनी रोजच्यासारखा स्वयंपाक केला, फरशा पुसल्या, आणि अत्यंत सूक्ष्म मोजमाप करणारी यंत्रे लावून हवेत काय काय येते याची नोंद ठेविली. त्यात त्यांनी दारे-खिडक्या उघडून घरातील हवा वारंवार बदलली. खिडक्या उघडताच हवेतील द्रव्ये झपाट्याने कमी झाली. पण खिडक्या लावताच त्यांतील पुष्कळशी अवघ्या काही मिनिटांत पूर्वीच्या मानावर येऊन बसली. चूल पेटविली नव्हती, नवे काही आणले नव्हते. अर्थ असा की, यांपैकी कित्येक द्रव्यांचा मोठा साठा हवेत नसून पृष्ठभागांत होता. हवेतील अंश म्हणजे वरखर्चाची रक्कम. खरी शिल्लक भिंतींच्या तिजोरीत.

दुसरा प्रयोग २०२२ साली त्याच देशातील मेरीलंड प्रांतात गेदर्सबर्ग येथे झाला. तेथे एका घरात मुद्दाम लाकडाचा धूर सोडला. धूर दिसेनासा झाल्यावरही त्यातील वाफा घराच्या पृष्ठभागांतून परत येत राहिल्या. हवा गाळणारी यंत्रे लावली तर ती चालू असेतोवर फरक पडे. बंद केली की पुन्हा तेच. फरशी पुसणे, धूळ टिपून घेणे, यांनी मात्र उतार टिकला. केरसुणी व फडके यांची योग्यता कोट्यवधी रुपयांच्या यंत्रांनी सिद्ध करून दिली, ही गोष्ट घरातील बायाबापड्यांस सांगण्यासारखी आहे.

परंतु भिंती द्रव्य मुरवितात हे कळण्यास अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नव्हती. आपल्याच गावांतून या गोष्टीचा अनुभव एका पिढीने घेतला आहे, तो हिवतापाच्या फवारणीत. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्या वेळी नांदेड जिल्हा हैदराबाद संस्थानाच्या जागी आलेल्या हैदराबाद राज्यात होता आणि लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुका होता. देशात त्यापूर्वी दर वर्षी साडेसात कोटी लोकांस हिवताप होई व आठ लाख मरत, असा सरकारी अंदाज आहे. १९६५ च्या सुमारास रोग्यांची संख्या एक लाखाच्या आसपास आली. हे बहुतांशी भिंतींवर मारलेल्या डी. डी. टी.चे काम. डास रक्त पिऊन भिंतीवर विसावतो, तेथे त्याच्या पायांस औषध लागते व तो मरतो. म्हणजे सारा डाव भिंतीच्या पृष्ठभागावर औषध टिकण्याचा होता.

आणि तेथेच मातीच्या भिंतीने आपला गुण दाखविला. सिमेंटच्या वा लाकडाच्या पृष्ठभागावर जे औषध महिनोन्महिने वरच राही, ते मातीच्या भिंतीत लवकर आत ओढले जाई आणि डासाच्या पायांस लागेनासे होई. १९५० नंतरच्या दशकात हॅडवे व बार्लो या इंग्रज संशोधकांनी वाळलेल्या मातीच्या ठोकळ्यांवर हे तपासून पाहिले. औषधाचे कण पृष्ठभागावरून नाहीसे होतात, परंतु नष्ट होत नाहीत; ते मातीच्या आत शिरतात. पुढे त्यांनी असेही दाखविले की, हवेतील ओलावा वाढला म्हणजे आत गेलेले औषध पुन्हा प्रभावी होते. पावसाळी दमट हवेत भिंत आपली ठेव परत करू लागते, असा त्याचा सरळ अर्थ. वळवाच्या वासाचा जो न्याय, तोच हा. फवारणी करणारे लोक 'काही महिने भिंती सारवू नका' असे बजावीत, आणि सणासुदीस घर सारविल्यावाचून आमच्या आयाबहिणींस चैन पडत नसे. त्यावरून दारोदार खटके उडत. दोघांचेही आपापल्या परीने बरोबर होते. एकास औषध वर हवे होते, दुसरीस ते दृष्टीआड हवे होते.

येथे माळवदाच्या घराविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, उजेडास व धुरास वाट म्हणून मध्ये साणे, असे हे घर. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. या घराने शंभर-शंभर वर्षे चुलीचा धूर पोटात घातला. तुळया काळ्याभोर होत, आणि त्या धुराच्या लेपाने वाळवी व भुंगा यांस काही अंशी अटकाव होई, म्हणून लोकांस त्या काळिम्याचे वाईट वाटत नसे. भिंतींना मात्र दर वर्षी नवा पोतारा मिळे, जुने पोपडे खरवडून उकिरड्यावर जात. घट बसण्यापूर्वी घरातील यच्चयावत् वाकळा, गोधड्या, कपडे गोदावरीच्या, मन्याडीच्या, मांजरेच्या, तेरणेच्या काठी नेऊन धुण्याची चाल होती व पुष्कळ ठिकाणी आजही आहे. हेतू धार्मिक असेल. परिणाम असा की वर्षभराची जमा दर वर्षी एकदा निकालात निघे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद या जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मेली, आणि त्यांतील बहुसंख्य याच रुंद भिंतींच्या व जड माळवदांच्या ढिगाऱ्याखाली गेली. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. पुढे इतर गावांतही ज्याची ऐपत झाली त्याने सिमेंटच्या ठोकळ्यांचे वा विटांचे घर आणि वर स्लॅब अथवा पत्रे असे केले. माळवदाची आठवण काढून हळहळणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस ती हळहळ मान्य नाही. जे घर रात्रीतून कुटुंबावर कोसळते ते गार असून काय उपयोग? परंतु घर बदलले तरी घरातील व्यवहार बदलला नाही, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नव्या घरातही पऱ्हाट्या व तुराट्या जळतातच. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅसची टाकी पुष्कळांच्या घरी आली. तरी पाणी तापविण्यास व भाकरीस चूल राहिलीच आहे. साणे गेले, धूर सिमेंटच्या छतास लागून खाली वळतो. भिंतींना रंग आहे, म्हणून त्यांस पोतारा नाही. पोतारा नाही म्हणून खरवडणे नाही. पूर्वी जी जमा दर वर्षी उकिरड्यावर जाई, ती आता वर्षानुवर्षे भिंतीवर तशीच पुढे ओढली जाते.

शिवाय उष्णता. अर्धवट उडणाऱ्या द्रव्यांचा सामान्य नियम असा की, तापमान दहा अंशांनी चढले म्हणजे त्यांची वाफ होण्याचा जोर दुपटी-तिपटीने वाढतो. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२ अंशांच्या वर पारा जातो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून पुष्कळ अधिक तापते. पौषात जी बाटली निमूट बसलेली असते, ती वैशाखात बोलू लागते. फवारणीचे औषध पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवणे म्हणजे ते रोज दुपारी थोडे थोडे घरभर फवारण्यासारखेच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कीटकनाशकांच्या बाबतीत १९९८ साली प्रसिद्ध झालेला, अमेरिकेतील न्यू जर्सी येथील संशोधकांचा एक प्रयोग प्रत्येक शेतकऱ्याने ऐकावा असा आहे. क्लोरपायरिफॉस हे औषध आपल्याकडे वाळवीसाठी व पिकांवर सर्रास वापरले जाते. त्यांनी ते रिकाम्या खोल्यांत नियमाप्रमाणे फवारले, ठरलेला वेळ हवा खेळू दिली, आणि त्यानंतर तेथे मुलांची खेळणी व उशा आणून ठेविल्या. म्हणजे खेळण्यांवर औषधाचा एक थेंबही प्रत्यक्ष पडलेला नव्हता. तरीही फवारलेल्या फरशीवरून वाफ होऊन औषध हवेत आले आणि त्या खेळण्यांत मुरले. पुढील दोन आठवडे ते तेथे वाढत व साठत असल्याचे आढळले. मऊ, कापडी खेळण्यांनी विशेष ओढून घेतले. जेथे ते लोक कापडी अस्वले ठेवीत होते, तेथे आपल्याकडे तान्ह्या मुलाची दुपटी आणि झोळी असते. रांगणारे मूल जमिनीशी सर्वांत जवळ असते, हात तोंडात घालते, आणि वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा अधिक हवा आत घेते. एकाच खोलीत राहणाऱ्या बापास ज्याने नुसते डोके जड होते, त्याचा मुलास उपद्रव किती होईल, हे वेगळे सांगावयास नको.

फवारा मारून आलेल्या माणसाचे कपडे खुंटीस लटकतात, पंप ओसरीत भिंतीस टेकवून ठेवला जातो, आणि रिकामा डबा धुऊन त्यात तेल वा मीठ भरले जाते. या तीनही गोष्टी भिंतीच्या व कुटुंबाच्या खाती विष जमा करणाऱ्या आहेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसाहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, तेव्हा शेतातील विषबाधेची चर्चा सर्वत्र झाली. घरात मुरणाऱ्या औषधाची बाधा अशी एका दिवसात दिसत नाही, म्हणून तिची चर्चा होत नाही, इतकेच.

आता सर्वांत धोक्याची गोष्ट. धान्यास कीड लागू नये म्हणून कोठीत वा पोत्यांत विषारी गोळ्या टाकण्याचा प्रघात बोकाळला आहे. ही गोळी ॲल्युमिनियम फॉस्फाइडची. हवेतील ओलावा लागताच तिच्यातून फॉस्फिन नावाचा वायू निघतो, व तो कीड मारतो. माणसासही मारतो, आणि त्यावर उतारा म्हणून कोणतेही औषध नाही. तीन ग्रॅमची एक गोळी एक ग्रॅम वायू देते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशा बंद खोलीत हा एक ग्रॅम पसरला, तर हवेच्या दहा लाख भागांत वायूचे सुमारे पंचवीस भाग होतात. अमेरिकेत कामगारास दिवसभर सोसू देण्याची मर्यादा दहा लाखांत एक-तृतीयांश भागाहूनही कमी आहे, म्हणजे एका गोळीने ती ऐंशी पटींनी ओलांडली. आणि पन्नास भाग झाले की तेथे जीवास तत्काळ धोका, असे मानतात. दोन गोळ्यांत तितके झाले. आमच्या पाहण्यातील लोक पोत्यागणिक गोळ्या टाकतात आणि पोत्यांच्या थप्पीशेजारीच अंथरूण घालतात!

भिंतींचा येथे दुहेरी संबंध येतो. एक तर सिमेंटचा ठोकळा दिसतो तितका भरीव नसतो. हा वायू त्याच्या छिद्रांतून व सांध्यांतून पलीकडच्या खोलीत जातो. मधली भिंत आहे म्हणून शेजारी निजलेला सुरक्षित, असे समजू नये. दुसरे असे की, ज्वारी, गहू, हरभरा यांचा दाणा स्वतःच एक मुरविणारा पृष्ठभाग आहे. तो काही वायू आत घेतो, आणि झाकण काढल्यानंतरही कित्येक दिवस थोडा थोडा सोडीत राहतो. गोळीची राख झाली, वास येत नाही, म्हणजे काम संपले, हा हिशेब चुकीचा. कारण वासावर भरवसा ठेवण्यासारखा हा वायू नाही. नियमाप्रमाणे ही गोळी शासकीय संस्था व परवानाधारक कीड-नियंत्रक यांच्यासाठीच आहे. ती दुकानात सहज मिळते, हा दोष कोणाचा ते वाचक जाणतात. ज्या घरात माणसे निजतात त्या घरात ती मुळीच वापरू नये. धान्य कडक उन्हात वाळवून, दाताखाली टणक वाजेल असे करून, पत्र्याच्या कोठीत वा हवाबंद पिशवीत भरले, तर कीड श्वासावाचून आपोआप मरते.

तंबाखूविषयी थोडक्यात. २०१० साली कॅलिफोर्नियातील बर्कले येथील प्रयोगशाळेने दाखविले की, भिंतींवर बसलेले निकोटिन तसेच राहत नाही. गॅसच्या ज्वाळेतून व इतर ज्वलनातून निघणाऱ्या नायट्रस आम्लाशी त्याचा संयोग होऊन कर्करोगास कारण होणारी नवी द्रव्ये तयार होतात. म्हणजे येथे ठेवीवर व्याजही चढते. जुन्या दप्तरखान्यात ज्यांनी दिवस काढले त्यांस डांबराच्या गोळ्यांचा वास रुमालांतून काही केल्या जात नाही हे माहीत आहे. घरी कपड्यांच्या पेटीचेही तसेच. लाकडाच्या भुशाच्या फळ्यांची नवी कपाटे डिंकातील फॉर्माल्डिहाइड महिनोन्महिने सोडीत राहतात, व दमट उष्ण दिवसांत अधिक सोडतात. नवे कपाट काही आठवडे ओसरीत उघडे ठेवून मग आत घ्यावे.

उपाय कोणते? पहिला व मुख्य तो औषधे घराबाहेर काढण्याचा. गोठ्यापासूनही दूर, सावलीत, कुलपाची एक लहानशी पेटी अथवा भिंतीतील पत्र्याचे दार असलेली जागा शेतातील आखाड्यावर करावी. हंगामास लागेल तेवढेच औषध आणावे. स्वस्त मिळाले म्हणून दोन वर्षांचे आणून ठेवणारा ते दोन वर्षे हुंगतो. फवाऱ्याचे कपडे बाहेरच उतरवावेत, इतरांपासून वेगळे, साबणाच्या पाण्यात दोनदा धुवावेत व उन्हात वाळवावेत.

खिडक्या उघडणे व्यर्थ आहे असे वरील विवेचनावरून कोणी समजू नये. एकदा उघडून भागत नाही, इतकाच त्याचा अर्थ. रोज आणि दीर्घ काळ वारा खेळला तर भिंतींची शिल्लक हळूहळू उतरते. त्यातही घर तापलेले असताना वारा अधिक काम करतो, कारण तेव्हा भिंती अधिक सोडीत असतात. आपण उन्हाळ्याच्या दुपारी झळांच्या भीतीने सर्व काही लावून घेतो व नेमके तेव्हाच आत कोंडलेले हुंगत निजतो. सर्वांस झळा सोसवणार नाहीत हे आम्ही जाणतो. निदान दिवेलागणीस, भिंती अजून ऊन असताना, समोरासमोरची दारे तास-दोन तास सताड उघडावीत. वाकळा व गाद्या अंगणात कडक उन्हात टाकण्याचे कारणही हेच. ऊन नुसते ढेकूण मारीत नाही, मुरलेली द्रव्ये हाकलते. मात्र त्या बाहेरच टाकाव्यात, खोलीत उन्हाच्या कवडशात नव्हेत.

कोरडे झाडल्याने धूळ उडून पुन्हा बसते, म्हणून ओल्या फडक्याने टिपावे. पाण्याची अडचण आम्हांस अपरिचित नाही. ज्या लातूर शहरास एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथे भिंती धुवा असे सांगणारा माणूस शहाणा ठरणार नाही. परंतु घट्ट पिळलेले साबणाचे फडके एका खोलीस बादलीभर पाण्यात पुरते. चुलीवरचे छत, फडताळाच्या फळ्या, पंख्याची पाती आणि दारामागची जागा एवढे महिन्यातून एकदा पुसले तरी पुष्कळ झाले. रंगाच्या भिंतीवर नवा रंग देण्यापूर्वी जुनी काजळी साबणाने धुऊन काढावी. तिच्यावरच रंग ओढला तर ती आतून वर येत राहते.

मातीच्या जमिनीवर औषध सांडले असता लोक वरून शेणाने सारवून मोकळे होतात. वास काही दिवस येत नाही, म्हणून काम झाले असे वाटते. वास्तविक ती बाकी पुढे ओढली जाते, आणि पहिल्या दमट दिवसात पुन्हा वर येते. सांडताच मुलांस व जनावरांस दूर करावे, वर कोरडी माती अथवा राख टाकून ओल टिपून घ्यावी, आणि हातांस जाड पिशव्या बांधून ती माती खालच्या चार बोटे मातीसकट खणून काढावी. विहीर, नाला व गुरांची वाट यांपासून दूर खोल खड्डा करून ती पुरावी. हे काम मृग लागण्यापूर्वी उरकलेले बरे, कारण पुढे ओलावा वाढतो व हातांस सवड राहत नाही. खणलेली जागा नव्या पांढऱ्या मातीने भरावी, पाणी मारून चोपून घट्ट करावी, आणि ती पुरती वाळल्यावर मग तिजवर सारवण घालावे.